गावातला राजवाडा, गावाबाहेरचा पॅलेस

कोल्हापुरात स्टँडवर उतरून रिक्षावाल्याला 'जुना राजवाडा' म्हटलं, की तो काही न विचारता भवानी मंडपात आणून सोडतो. 'नवा राजवाडा' म्हटलं, तर मात्र तो क्षणभर अडखळतो आणि विचारतो, "न्यू पॅलेस म्हणताय काय?" एकाच घराण्याची ही दोन घरं. दोन्हींच्या मधलं अंतर अडीच-तीन किलोमीटरचं. पण एका घराचं नाव गावाने आपल्या भाषेत ठेवलं आणि दुसऱ्याचं इंग्रजीतच राहू दिलं. मला हा फरक फार बोलका वाटतो. कारण न्यू पॅलेसवर कितीही घुमट असले आणि कितीही छत्र्या असल्या, तरी त्याच्या मुळाशी असलेली घराची कल्पना भवानी मंडपातली नाही. ती इंग्लंडच्या खेड्यातून आली आहे. ती तिथे कशी घडली आणि करवीरच्या मातीत आल्यावर तिचं काय झालं, ही गोष्ट कोल्हापूरच्या इतिहासात अगदी आतवर जाते.

इंग्रजीत ज्याला मॅनर हाऊस म्हणतात, त्यातला 'मॅनर' म्हणजे मुळात घर नव्हे. नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर १०८६ मध्ये सगळ्या मुलखाची मोजणी करवली. डूम्सडे बुक या नावाने ते दफ्तर अजून जपून ठेवलेलं आहे. त्यात जमिनीचा हिशेब मॅनरवार मांडलेला आहे. आपल्या शब्दांत सांगायचं, तर मॅनर म्हणजे जहागिरीचा एक तुकडा. त्यातली काही जमीन मालकाच्या खासगीतली, म्हणजे आपल्याकडची शेरी. बाकीची कुळांकडे. कुळांनी आठवड्यातले काही दिवस शेरीवर येऊन वेठीने राबायचं. बांधावरचे तंटे आणि वारसाच्या नोंदी यांसाठी मालकाची कचेरी भरायची, जशी आपल्याकडे चावडी. या सगळ्या कारभाराच्या मध्यभागी मालक ज्या घरात राहायचा, ते मॅनर हाऊस.

सुरुवातीच्या काळात ते घर म्हणजे एक मोठा हॉल असे. केंट परगण्यात पेन्सहर्स्ट प्लेस नावाचं घर आहे, त्याचा हॉल १३४१ सालचा आहे. त्याच्या मधोमध जमिनीवर आगटीची जागा अजून तशीच आहे. भिंतीत धुराडं नव्हतं. धूर वर चढून छपरातून बाहेर पडायचा. त्या एकाच आगटीच्या उबेला मालक, त्याची माणसं, नोकर आणि वाटसरू बसत, तिथेच जेवत, आणि पुष्कळ जण रात्री तिथेच अंग टाकत. मालकाची पंगत चौथऱ्यावर, बाकीच्यांची खाली, एवढाच भेद. आपल्याकडच्या पाटलाच्या वाड्यातला सोपा आठवावा. येणारा-जाणारा तिथेच टेकतो, तिथेच पान खातो, आणि गावाची खबर तिथेच पोचते.

पुढची चार-पाचशे वर्षं इंग्रजी घराचा इतिहास हा मालक या हॉलमधून हळूहळू उठून गेल्याचा इतिहास आहे. आधी तो जेवायला वेगळ्या खोलीत गेला. मग बसायला गेला. धुराडी आल्यावर प्रत्येक खोलीला आपली शेगडी मिळाली आणि एकत्र बसायचं कारणच उरलं नाही. नोकरांसाठी मागचे जिने निघाले, त्यांची स्वयंपाकघरं तळघरात गेली. अठराव्या शतकात तर मालकाला खिडकीतून आपलं गावही दिसेनासं व्हायला हवं होतं. लॅन्सलॉट ब्राउन नावाचा बागरचनाकार होता, त्याला लोक 'केपेबिलिटी ब्राउन' म्हणत. घराभोवती सपाट हिरवळ, मध्ये वळणं घेतलेलं तळं, लांबवर झाडांचे पुंजके, त्यात चरणारी हरणं, असे देखावे तो जमीनदारांना उभे करून देई. डॉर्सेटमध्ये लॉर्ड मिल्टनच्या घरासमोर एक जुनं गाव नांदत होतं. ते नजरेत खुपतं म्हणून लॉर्डने ते पाडलं आणि लोकांना नजरेआड, दुसऱ्या दरीत, एकसारखी घरं बांधून दिली. मिल्टन ॲबस हे ते गाव. आज पर्यटक तिथली पांढरी घरं बघायला जातात आणि त्यांना ती गोजिरी वाटतात. ज्यांची घरं पाडली त्यांना ती कशी वाटली असतील, याचा विचार केल्याशिवाय मला त्या घरांचा फोटोही पाहवत नाही.

आता आपला वाडा. तो रस्त्याकडे पाठ करून बसतो. बाहेरून जाड भिंत, एक दरवाजा, आत देवडी. उजेड आणि वारा येतो तो चौकातून. चौकाभोवती सोपे, सोप्यांच्या मागे माजघर आणि देवघर, शेवटी परसू. घराचं तोंड आत आहे. त्यामुळे वाड्याला आजूबाजूला मोकळं रान लागत नाही. तो पेठेत, देवळाला खेटून, कासाराच्या आणि तांबटाच्या शेजारी बिनतक्रार उभा राहतो. इंग्रजी घराचं तोंड बाहेर आहे. त्याला मोठाल्या खिडक्या हव्यात आणि त्या खिडक्यांतून बघायला आपलीच जमीन हवी. म्हणून ते गावात मावत नाही.

कोल्हापूरचा जुना राजवाडा हा असा गावात मावलेला राजवाडा. करवीरची गादी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पन्हाळ्यावरून खाली कोल्हापुरात आली, ती अंबाबाईच्या शेजारी. राजवाड्यातच तुळजाभवानीचं देऊळ आहे. नगारखान्याच्या दारातून आत यायचं. वेळ कळायची ती नगाऱ्यावरून. छत्रपतींच्या चौकातून भाविक जात, फिर्यादी जात, भाजीवाल्याही जात. आज तिथे शाळा आहे, पोलीस ठाण्याचं नाव 'जुना राजवाडा' आहे, आणि हाकेच्या अंतरावर चप्पल लाईन आहे. राजवाडा आणि बाजार यांच्यामध्ये हद्दीची रेघ कुठे मारायची, हे तिथे उभं राहून सांगता येत नाही.

या घरातून बाहेर पडून इंग्लंड बघायला गेलेले पहिले छत्रपती म्हणजे राजाराम महाराज, गादीवरचे दुसरे राजाराम. १८६६ मध्ये ते दत्तक आले आणि १८७० मध्ये, विशीतच, विलायतेला निघाले. सोबत कॅप्टन एडवर्ड वेस्ट होते. राणी व्हिक्टोरियाची भेट झाली. पुष्कळ स्थळं पाहून झाली. पाहिलेलं ते रोज इंग्रजीत लिहून ठेवत. ती रोजनिशी वेस्ट यांनी १८७२ मध्ये छापली. परतीच्या वाटेवर इटलीत फ्लॉरेन्सला त्यांना आजाराने गाठलं आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचं तिथेच निधन झालं. त्या काळी युरोपात प्रेत जाळायची रीत नव्हती. खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. कोल्हापूरच्या राजाला अखेर संगमाचाच काठ मिळाला, ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. १८७४ मध्ये त्या जागी स्मारक झालं. आत चार्ल्स फ्रान्सिस फुलर या शिल्पकाराने केलेला महाराजांचा अर्धपुतळा, आणि वर हिंदुस्थानी घाटाची छत्री. फ्लॉरेन्सचे लोक त्या जागेला 'इंडियानो' म्हणतात. पुढे जवळच जो पूल बांधला गेला, त्यालाही तेच नाव मिळालं.

त्या छत्रीचा आराखडा करणारा माणूस म्हणजे मेजर चार्ल्स मँट. न्यू पॅलेसही त्याचाच.

मँट हा रॉयल इंजिनिअर्समधला लष्करी इंजिनिअर. कोल्हापुरात त्याचं काम जागोजागी आहे. भवानी मंडपातून भाऊसिंगजी रोडने निघालं, की पुढे टाऊन हॉल लागतो, उतरत्या छपरांचा आणि टोकदार मनोऱ्यांचा. तो १८७२ ते १८७६ मधला. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला रोमन समुद्रदेवाचा काशाचा पुतळा आज तिथल्या संग्रहालयात आहे. समोर सीपीआर, म्हणजे त्या वेळचं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. अजमेरचं मेयो कॉलेज मँटचं, बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसचा आराखडाही त्याचाच. टाऊन हॉल बघितला की तो इंग्लंडमधून उचलून आणल्यासारखा वाटतो. न्यू पॅलेसपर्यंत येताना मात्र मँटचा हात बदलला होता. या देशात बांधायचं तर इथल्या कारागिरांच्या हातात जे आहे त्यातून बांधावं, असं त्याच्या पिढीतल्या काही इंग्रज वास्तुविशारदांना वाटू लागलं होतं. न्यू पॅलेसवर त्याने गुजरात-राजस्थानातल्या जैन आणि हिंदू वास्तूंची नक्षी आणली आणि तिला स्थानिक वाड्याच्या कामाची जोड दिली. या शैलीला पुढे इंडो-सारासेनिक म्हणू लागले.

याचं उलटं रूप इंग्लंडमध्ये आधीच उभं होतं. ग्लॉस्टरशायरमध्ये सेझिनकोट नावाचं एक मॅनर आहे. कंपनी सरकारच्या नोकरीत पैसा मिळवून परतलेल्या चार्ल्स कॉकरेलने १८०५ च्या सुमारास आपल्या वास्तुविशारद भावाकडून ते बांधून घेतलं. त्याच्यावर मोगली घाटाचा तांब्याचा घुमट आहे, उन्हापावसाने तो हिरवा झालेला. आतून घर नेहमीचं इंग्रजी. म्हणजे तिथे इंग्रजी घराने हिंदुस्थानी पागोटं घातलं होतं, आणि सत्तर वर्षांनी मँटने तेच पागोटं घालून ते घर कोल्हापुरात आणलं. पण एक मोठा फरक आहे. कॉकरेलने घर स्वतःच्या हौसेने बांधलं. न्यू पॅलेस बांधायचा निर्णय झाला, तेव्हा गादीवरचे छत्रपती अल्पवयीन होते आणि राज्याच्या सगळ्या नाड्या इंग्रज पोलिटिकल एजंटच्या हाती होत्या.

काम सुरू झालं १८७७ मध्ये. ती दुष्काळाची वर्षं. १८७६ ते ७८ च्या त्या दुष्काळाने सगळं दख्खन होरपळून काढलं होतं. त्याच सुमारास इंग्लंडातल्या जमीनदारांचेही दिवस फिरू लागले होते. अमेरिकेतल्या प्रेअरीतला गहू रेल्वेने बंदरात आणि आगबोटीने लिव्हरपूलला पोचू लागला. धान्याचे भाव कोसळले. कुळांना खंड परवडेना, आणि खंडावर चालणारी ती मोठमोठी घरं आतून पोखरली जाऊ लागली. मूळ झाड वाळायला लागलं होतं, नेमकी तेव्हाच त्याची फांदी आपल्याकडे लावली गेली.

घर ज्यांच्यासाठी उभं राहत होतं, ते छत्रपती म्हणजे चौथे शिवाजी महाराज. १८७१ मध्ये लहानपणी ते दत्तक आले. त्यांना वेडसर ठरवण्यात आलं. दिवाण माधवराव बर्वे त्यांचा छळ करतात, अशी पत्रं 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी छापली. त्यावर बदनामीचा खटला झाला आणि १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस राहिले. आगरकरांच्या तुरुंगवासाची ही हकिकत मराठी माणसाला शाळेपासून माहीत असते. पण त्या खटल्याच्या वेळी कोल्हापुरात सुमारे सात लाखांचा हा पॅलेस अर्धामुर्धा उभा होता, हे चित्र आपण त्याला जोडून पाहत नाही. महाराजांना नगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं होतं. २५ डिसेंबर १८८३ रोजी तिथे ग्रीन नावाच्या गोऱ्या सोल्जरशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. त्याआधी दोन वर्षं, १८८१ मध्ये, मँटही गेला होता. आपली गणितं चुकली आहेत, आपण बांधलेल्या इमारती ढासळणार, या धास्तीने शेवटी त्याच्या मनाचा तोल गेला, अशी कथा सांगितली जाते. त्याच्या इमारती आजही खड्या आहेत. न्यू पॅलेस १८८४ मध्ये पुरा झाला, तेव्हा तो काढणारा हयात नव्हता आणि ज्याच्यासाठी काढला तोही नव्हता.

पॅलेसच्या समोर उभं राहिलं की आधी नजर भरते ती काळ्या दगडाने. मग मधोमध उभा असलेला अष्टकोनी मनोरा आणि त्यावरचं घड्याळ. इंग्रजी जमीनदाराच्या घरी घड्याळ बहुधा घोड्यांच्या पागेवर असे. शेतात राबणाऱ्यांना कामाची वेळ त्यावरून कळे. इथे ते घराच्या कपाळावर आलं. गावात चौघडा वाजायचा तो कानाला, दिसायची गरज नव्हती. घड्याळ बघायला समोर मोकळी जागा लागते, आणि ती इथे आहे. दारात गाडी उभी राहायला पोर्च, भोवती बाग, कारंजं, तळं, आणि कुंपणाआड हरणं. केपेबिलिटी ब्राउनला यातलं पुष्कळ ओळखीचं वाटलं असतं.

दरबार हॉलमध्ये शिरलं की मात्र तो गोंधळला असता. दोन मजले उंच दालन, दोन्ही बाजूंना कमानी, वर सज्जे, टोकाला चौथरा आणि त्यावर सिंहासन. रचनेत हा पेन्सहर्स्टचाच हॉल आहे. पण इंग्रजी घराच्या खिडक्यांत रंगीत काचेतून घराण्याची ढालतलवारीची चिन्हं असतात, तिथे इथे शिवचरित्रातले प्रसंग आहेत. उन्हं तिरपी झाली की त्या काचांचे रंग फरशीवर पसरतात. चौथरा, सज्जे आणि कमानी यांची मांडणी दुसऱ्या देशातली असेल, पण उजेड शिवाजी महाराजांच्या गोष्टीतून गाळून येतो. माझ्या मते संपूर्ण इमारतीतलं सगळ्यात मोलाचं काम तेच आहे.

१७ मार्च १८८४ रोजी कागलकर घाटगे घराण्यातले यशवंतराव दत्तक येऊन शाहू झाले. वय नऊ. त्यांचा जन्म २६ जून १८७४ चा, आणि तोही न्यू पॅलेसवरून पुढे गेल्यावर लागणाऱ्या कसबा बावड्यातल्या लक्ष्मी विलास पॅलेसमधला. जन्मदाते जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे. राजकोटचं राजकुमार कॉलेज, मग धारवाड, आणि गुरू म्हणून स्टुअर्ट फ्रेझर हा आयसीएस अधिकारी. इंग्रज सरकारला हिंदुस्थानी राजांतून जो 'जंटलमन' घडवायचा होता, त्याचा हा सगळा अभ्यासक्रम. त्यात शिकार आली, घोडे आले, आणि गावाबाहेरचं घरही आलं.

शिकारीची हौस शाहू महाराजांना खरोखर होती. माळावर काळविटांवर चित्ते सोडायचे, ही कोल्हापूरची प्रसिद्ध शिकार. आपल्याकडचे चित्ते संपत आले, तेव्हा कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणले. आज पॅलेसच्या तळमजल्यावर भुसा भरलेले वाघ आणि गवे काचेच्या डोळ्यांनी बघत उभे आहेत. मुलं तिथे खिळून राहतात. पण एक गोष्ट त्यांना कोणी सांगत नाही. दाजीपूरचं जे रान छत्रपतींच्या शिकारीसाठी राखलेलं होतं, तेच १९५८ मध्ये अभयारण्य झालं. महाराष्ट्रातलं ते पहिलं. राखून ठेवलेल्या रानामुळेच गवा टिकला. इंग्रजी मॅनरभोवतीच्या हरणबागा आणि जंगलंही अशीच टिकली.

शाहू महाराज पॅलेसमध्ये फार रमले नाहीत. पन्हाळा-जोतिबाच्या वाटेवरच्या सोनतळीला त्यांचा मुक्काम जास्त. तरी पॅलेसला त्यांनी गावापासून तुटू दिलं नाही, आणि याची खूण त्या अडीच-तीन किलोमीटरच्या वाटेवरच दिसते. न्यू पॅलेसकडून गावात यायचं, तर दसरा चौक लागतो. तिथे मुस्लिम बोर्डिंग आहे, जैन बोर्डिंग आहे. खेड्यातली पोरं शिकायला येऊन राहतील कुठे, याचं उत्तर म्हणून १९०१ पासून जातीजातींची वसतिगृहं कोल्हापुरात निघाली आणि त्यांना महाराजांनी जागा दिल्या, पैसा दिला. राजाच्या घरून राजाच्या देवाकडे जाणारी वाट अशी पोरांच्या अभ्यासाच्या खोल्यांमधून जाऊ लागली. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी महाराज इंग्लंडला गेले. केंब्रिजने त्यांना एल्एल. डी. दिली. ते तिकडे असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांना शेकडा पन्नास जागा राखून ठेवण्याचा हुकूम करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये छापून आला. त्याच इंग्लंडहून पुष्कळ राजे झुंबरं घेऊन परतले होते.

आणखी पुढे, भाऊसिंगजी रोडवर, गंगाराम कांबळे यांचं चहाचं हॉटेल होतं. गंगाराम सरकारी पागेत नोकर होते. सवर्णांच्या हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून पागेतल्याच माणसांनी त्यांना चाबकाने फोडून काढलं. मोठ्या घराच्या मागच्या दाराशी काय चालतं, ते इथे उघड्यावर आलं. इंग्रजी घरातही नोकरांच्या जेवणाच्या टेबलावर बटलरच्या शेजारी कोण बसायचं आणि भांडी घासणारी पोर कुठे, हे पक्कं ठरलेलं असे. पण तिथे कोणाच्या स्पर्शाने पाणी बाटत नव्हतं. महाराजांनी मारणाऱ्याला शिक्षा केली आणि गंगारामांना भांडवल देऊन धंदा काढून दिला. 'सत्यसुधारक' असं हॉटेलचं नाव. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज गावात येताना तिथे गाडी थांबवून चहा मागवू लागले. स्वतः पीत, बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांना प्यायला लावत. राजाचं घर गावाबाहेर गेलं होतं, म्हणून राजाला ही वाट वारंवार तुडवावी लागत होती. त्या वाटेचा त्यांनी असा उपयोग केला. जुन्या राजवाड्यात राहणाऱ्या राजाला हे करायला बाहेर पडावं लागलं असतं. यांना घरी जायचं तरी तो रस्ता लागायचाच.

मॅनरच्या मुळाशी जी व्यवस्था होती, तिच्यावरही त्यांनी हात घातला. १९१८ मध्ये कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले, आणि महार वतनाच्या वेठीतून माणसं मोकळी केली. इंग्लंडात मॅनरच्या जुन्या कुळहक्काचा शेवटचा अवशेष कायद्याने संपला तो १ जानेवारी १९२६ रोजी. आठ वर्षांनंतर.

इंग्रज जमीनदारांची घरगुती नाट्यगृहंही असत. चार पाहुणे आणि नोकरचाकर जमवून खेळ व्हायचे. कोल्हापुरातही 'पॅलेस थिएटर' झालं, १९१५ मध्ये. पण ते पॅलेसमध्ये नाही. ते गावात झालं, १९१२ च्या खासबाग कुस्ती मैदानाला लागून, तालमीतल्या पोरांना आणि हमालांना जिथे तिकीट काढून शिरता येईल अशा जागी. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. ऑगस्ट २०२४ मध्ये, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते जळालं, तेव्हा रस्त्यावर उभी राहून रडणारी माणसं सगळ्या थरांतली होती.

शाहूंनंतरच्या, तिसऱ्या राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत रंकाळ्याच्या काठी शालिनी पॅलेस उभा राहिला, १९३१ ते ३४ मध्ये, राजकन्येच्या नावाने. काळा दगड आणि इटालियन संगमरवर. तो देखणा आहे, पाण्यात त्याचं प्रतिबिंब सुरेख पडतं. १९८७ पासून तिथे हॉटेल चाललं, नंतर ते बंद झालं. माझं मन मात्र तिथे न्यू पॅलेसइतकं गुंतत नाही. तिथे बघायला सौंदर्य आहे, पण झगडा नाही.

इंग्लंडात पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. १८९४ मध्ये वारसा हक्कावर कर बसला आणि तो वाढतच गेला. १९४९ पर्यंत मोठ्या इस्टेटींवर तो शेकडा ऐंशीवर पोचला. पहिल्या महायुद्धात कित्येक घरांचे वारस खंदकांत गेले. दुसऱ्या महायुद्धात घरं लष्कराने घेतली आणि परत केली ती मोडकळीला आणून. विसाव्या शतकात हजाराहून जास्त मोठी घरं पाडली गेली. नॅशनल ट्रस्टने १९३७ मध्ये एक योजना काढली. मालकाने घर ट्रस्टला द्यायचं, स्वतः एका भागात राहायचं, आणि बाकीचं लोकांना तिकीट लावून दाखवायचं. ऑक्टोबर १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये पाडल्या गेलेल्या घरांचं प्रदर्शन भरलं. पडत्या खांबांच्या फोटोंमध्ये उभं राहून लोकांनी त्या घरांची नावं एकेक करून ऐकली.

त्याच १९७४ मध्ये न्यू पॅलेसच्या तळमजल्यावर शहाजी छत्रपती म्युझियम सुरू झालं. संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं होतं. तनखे १९७१ मध्ये बंद झाले होते. वर घराणं राहतं, खाली तिकीट काढून सहली फिरतात. नॅशनल ट्रस्टने जो मार्ग काढला, त्याच्यासारखाच हा मार्ग, पण तो इथे कोणाच्या योजनेशिवाय सापडला. फरक एवढाच की इंग्लंडात घर बघायला जाणारे लोक गेलेल्या मालकांचा जमाना बघायला जातात. कोल्हापुरातली सहल हत्तीच्या अंबाऱ्या, तलवारी, वाघ आणि दरबार हॉल बघून बाहेर येते ती 'आपल्या महाराजांचं' घर बघून. इथे शाहू महाराजांच्या फोटोपुढे बायका हात जोडताना मी पाहिल्या आहेत. लॉर्ड मिल्टनच्या चित्रापुढे मिल्टन ॲबसमध्ये कोणी हात जोडत असेल, असं मला वाटत नाही.

वर्षातून एकदा दोन्ही घरं एकमेकांना भेटायला निघतात. विजयादशमीला दुपार कलली, की गावातून अंबाबाईची पालखी निघते. जुन्या राजवाड्यातून तुळजाभवानीची निघते, गुरुमहाराजांची निघते. वाजतगाजत, भाऊसिंगजी रोडच्या गर्दीतून, मँटच्या टाऊन हॉलजवळून, त्या दसरा चौकाकडे येतात. पलीकडून, न्यू पॅलेसच्या बाजूने, केशरी रंगाची मायबाख मोटार येते. तिसऱ्या राजाराम महाराजांनी खास बनवून घेतलेली, जर्मन बनावटीची ती गाडी एरवी क्वचितच बाहेर पडते. गाडी थांबते, छत्रपती उतरतात, बोर्डिंगांच्या गॅलऱ्यांत पोरं उभी असतात. सूर्य मावळताना शमीपूजन होतं आणि मग सोन्यावर सगळा चौक तुटून पडतो. अंधार पडता पडता पालख्या गावाकडे परततात, आणि आपट्याची पानं टपावर पडलेली ती गाडी बावड्याच्या रस्त्याला लागते.